स्वतःच्या रोलप्लेइंग गेमचे नियम इतर प्रकाशकांना वापरू देताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षं खपून तुम्ही एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा कथाखेळ) लिहिला, नियमांचं पुस्तक छापलं आणि ते बऱ्यापैकी विकलंही गेलं. आता दोन छोट्या प्रकाशकांना तुमच्या नियमांवर आपापली पुस्तकं काढायची आहेत. एक विचारतोय, "रॉयल्टी किती घ्याल?" दुसरा विचारतोय, "ओपन लायसन्स देणार का?" ओजीएल (ओपन गेम लायसन्स), क्रिएटिव्ह कॉमन्स, ऑर्क हे तयार खुले परवाने आणि वकिलाकडून करून घेतलेला स्वतंत्र करार, यांतलं काय घ्यावं हे तुम्हाला ठरवायचंय. शिवाय २०२३ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या परवान्यावरून जो गोंधळ झाला तसा आपल्या हातून होऊ नये ही तुमची काळजी आहे, आणि ती अगदी रास्त आहे.

मी या कामात सतरा वर्षं आहे. सुरुवातीला परवाना घेणाऱ्या प्रकाशकांकडे होतो, नंतर परवाना देणाऱ्यांसाठी मसुदे लिहायला लागलो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एवढं पक्कं कळलं की कोणता परवाना हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवा की तुम्ही नेमकं काय देताय. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: नियमांचा मजकूर, तुम्ही रचलेलं जग आणि तुमच्या गेमचं नाव. तिघांचं उत्तर वेगळं आहे. मी पाहिलेली बहुतेक भांडणं या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर कोंबल्यामुळे झाली.

आधी नियमांचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. फासे कसे टाकायचे, यश कशाला म्हणायचं, जखमा कशा मोजायच्या, या पद्धतीवर कॉपीराइट नसतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात कलम ९ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय: संरक्षण अभिव्यक्तीला मिळतं, कल्पना, कार्यपद्धती किंवा गणिती संकल्पनांना मिळत नाही. अमेरिकेत हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातल्या 'बेकर विरुद्ध सेल्डन' खटल्यापासून रुजलेलं आहे. तो वाद हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवर लिहिलेल्या पुस्तकाचा होता. पुस्तकातली वाक्यं लेखकाची, पण हिशेबाची पद्धत कुणीही वापरावी, असा तो निकाल. २०१६ साली टेक्ससच्या फेडरल कोर्टाने 'बँग!' या पत्त्यांच्या गेमच्या बाबतीत हेच सांगितलं: खेळाचे नियम आणि पत्त्यांची कामं यांना कॉपीराइटचं संरक्षण नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघा. समजा तुमच्या पुस्तकात असं लिहिलंय: "क्षमतेइतके सहापैलू फासे टाका. पाच किंवा सहा पडलेला प्रत्येक फासा म्हणजे एक यश." यात तुमचं म्हणावं असं फारसं काही नाही. हाच नियम दुसरा कुणी आपल्या शब्दांत लिहून छापू शकतो, त्याला तुमची परवानगी लागत नाही. आता हा दुसरा मजकूर वाचा: "राखगडाच्या पहारेकऱ्यासमोर उभं राहिलात की अंगातली ऊब ओसरायला लागते. ओंजळीत जितकी राख उरली असेल तितके फासे उचला. ज्या फाशावर पाच किंवा सहा ठिणग्या दिसतील, तो अजून विझलेला नाही." नियम तोच आहे. पण ही वाक्यं, राखगड, ओंजळीतली राख, विझलेला आणि न विझलेला फासा हे सगळं तुमचं आहे. पहिला उतारा द्यायचा की नाही यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. दुसरा मात्र विचार करूनच द्यावा.

मग नियम मुळात मोकळेच असतील तर कुणी परवाना मागेल कशाला? कारण पद्धत आणि वाक्य यांच्यामधली रेघ कोर्टात गेल्याशिवाय नेमकी कळत नाही, आणि छोट्या प्रकाशकाला कोर्ट परवडत नाही. मंत्रांची वर्णनं, राक्षसांची आकडेवारी, जखमांचे तक्ते जसेच्या तसे छापायचे असतील तर तिथे मजकूर उचलावाच लागतो. परवाना म्हणजे "यासाठी आम्ही तुमच्यावर दावा लावणार नाही" असा लेखी शब्द. विकत घेतली जाते ती हीच निर्धास्तता.

ही निर्धास्तता नसताना काय व्हायचं हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. टीएसआर या कंपनीचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम १९७४ साली आला. सत्तरच्या दशकातच जजेस गिल्ड या प्रकाशकाने टीएसआरकडून परवाना घेऊन पूरक पुस्तकं काढली. पुढे मेफेअर गेम्स या दुसऱ्या प्रकाशकाने 'रोल एड्स' नावाची मालिका काढली, त्यावरून १९८४ साली टीएसआरशी ट्रेडमार्कबाबत लेखी समझोता केला, आणि तरीही १९९१ साली प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे हातात कागद असूनही वाद झाला. कागदातला शब्द किती नेमका असायला हवा, याचा तो पहिला मोठा धडा होता.

२००० साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने, म्हणजे तोवर डन्जन्स अँड ड्रॅगन्सची मालक झालेल्या कंपनीने, त्या गेमच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ओपन गेम लायसन्स, म्हणजेच ओजीएल, आणला. रायन डॅन्सी या त्यांच्या ब्रँड मॅनेजरचा त्यात मोठा वाटा होता. विचार व्यवहारी होता. ॲडव्हेंचरची पुस्तकं, म्हणजे खेळायला तयार कथानकं, एका टेबलावर फक्त गेममास्टर (खेळ चालवणारा) विकत घेतो, नियमांचं पुस्तक सगळेच घेतात. म्हणून ॲडव्हेंचर इतरांनी काढावीत आणि त्यांच्यामुळे मूळ पुस्तक खपावं. यासाठी त्यांनी दोन वेगळे कागद केले. ओजीएलखाली नियमांचा मजकूर मोकळा झाला. त्याशिवाय डी-ट्वेंटी या चिन्हाचा, म्हणजे पुस्तक त्या नियमांशी जुळतं हे दाखवणाऱ्या खुणेचा, वेगळा ट्रेडमार्क परवाना होता. ते चिन्ह मुखपृष्ठावर हवं असेल तर पात्र तयार करण्याची पद्धत आणि अनुभवाच्या गुणांचा वापर तुमच्या पुस्तकात छापायचा नाही, अशी अट होती. त्यामुळे ग्राहकाला मूळ पुस्तक घ्यावंच लागे.

ही रचना मला आजही आवडते. मजकूर आणि नाव वेगळे ठेवण्याची कल्पना तिथूनच आली. पण तिच्यातल्या दोन फटी नीट बघा, कारण तुमचा परवाना लिहिताना त्याच बुजवायच्या आहेत.

पहिली फट चिन्हाची. डी-ट्वेंटीचा परवाना कंपनीला हवा तेव्हा बदलता येत होता आणि रद्दही करता येत होता. २००३ साली त्यात आशयाच्या दर्जाबद्दल नव्या अटी आल्या आणि २००८ साली चौथ्या आवृत्तीच्या वेळी तो बंदच झाला. ज्यांच्या मुखपृष्ठावर ते चिन्ह छापलेलं होतं त्यांना माल काढून टाकावा लागला. चौथ्या आवृत्तीसाठी जो नवा गेम सिस्टम लायसन्स आला, त्यात सुरुवातीला अशी अट होती की एखादी मालिका नव्या परवान्याखाली आणली की तीच मालिका ओजीएलखाली काढता येणार नाही. ती पुढच्या वर्षी सैल केली, पण तोवर लोक दुरावले होते. पायझो या प्रकाशकाने जुन्या साडेतीन आवृत्तीच्या मोकळ्या मजकुरावर २००९ साली पाथफाइंडर हा स्वतःचा गेम उभा केला. आपल्या परवान्यावर जगणाऱ्यांना कोंडीत पकडलं की त्यांच्यातलाच सगळ्यात सक्षम प्रकाशक प्रतिस्पर्धी होतो, हे तेव्हा उघड दिसलं.

दुसरी फट एका शब्दाची. ओजीएल १.०ए मध्ये, म्हणजे त्याच्या चालू आवृत्तीत, परवाना 'कायमस्वरूपी, जगभर, रॉयल्टीविना' दिलाय. 'मागे न घेता येणारा' असा शब्द मात्र त्यात नाही. आणि नवव्या कलमात म्हटलंय की परवान्याची कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरता येईल. बावीस वर्षं सगळ्यांनी याचा अर्थ "हे आता कायमचं मोकळं" असाच घेतला. मग जानेवारी २०२३ मध्ये ओजीएल १.१ चा मसुदा बाहेर फुटला, आणि त्यात लिहिलं होतं की १.०ए यापुढे अधिकृत नाही. एका विशेषणाच्या आधारावर बावीस वर्षांचा विश्वास परत मागितला गेला.

त्या मसुद्यातले आकडेही लक्षात ठेवा. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न गेलं की वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, आणि ती नफ्यावर नव्हे, विक्रीवर. छापील पुस्तक दुकानातून विकलं जातं तेव्हा निम्म्याहून जास्त किंमत वितरक आणि दुकानदार यांच्या सवलतीत जाते. उरलेल्यातून छपाई, चित्रं, संपादन, वाहतूक करायची. तिथे विक्रीवर पंचवीस टक्के म्हणजे त्या मर्यादेपुढच्या प्रत्येक प्रतीमागे पदरचे घालायचे. रॉयल्टीचा दर लिहिताना टक्केवारीइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा प्रश्न हा असतो: कशावर?

लोक इतके भडकले की तीन आठवड्यांत कंपनीला माघार घ्यावी लागली. मधल्या १.२ च्या मसुद्यावर त्यांनीच सर्वेक्षण घेतलं. पंधरा हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ८८ टक्क्यांनी त्या परवान्याखाली काहीही प्रकाशित करायची इच्छा नसल्याचं सांगितलं. २७ जानेवारीला कंपनीने जाहीर केलं की १.०ए ला हात लावणार नाही, आणि पाचव्या आवृत्तीचा अख्खा एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली देऊन टाकला. एसआरडी म्हणजे सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट: नियमांच्या पुस्तकातून वेगळा काढलेला, इतरांनी वापरावा म्हणून सोडलेला मजकूर. हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल.

आता तुमच्याकडे येतो.

नियमांच्या मजकुरासाठी माझं उत्तर सरळ आहे: स्वतंत्र एसआरडी करा आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० खाली द्या. रॉयल्टी शून्य. मुख्य अट एकच, तुमचं श्रेय छापायचं. हा परवाना मागे घेता येत नाही आणि तसं त्यात थेट लिहिलेलं आहे. समोरच्याला वकिलाकडे जावं लागत नाही, कारण हा कागद जगभर सगळ्यांनी वाचलेला असतो. फेट कोअर हा गेम २०१३ साली याच कुळातल्या परवान्याने मोकळा झाला, ब्लेड्स इन द डार्क या गेमचा एसआरडीही तसाच. दोन्हींवर इतरांनी किती खेळ उभे केले हे तुम्ही पाहिलंच असेल.

क्रिएटिव्ह कॉमन्सची इतर रूपं आहेत, त्यांच्याबद्दल थोडक्यात. 'नॉन-कमर्शियल' घेऊ नका. तुमच्याकडे आलेले दोघंही पुस्तक विकणारच आहेत, त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' तर नियमांसाठी निरर्थकच. 'शेअर-अलाइक' म्हणजे तुमच्या मजकुरावर आधारलेलं जे बनेल तेही त्याच अटीवर मोकळं. तत्त्व म्हणून हे मला मनापासून पटतं, पण ॲडव्हेंचरमध्ये नियम आणि कथा एकमेकांत मिसळलेली असतात. आपली कथासुद्धा मोकळी होईल की काय, या धास्तीने प्रकाशक मागे फिरतात.

ऑर्क परवाना याच अडचणीवर उपाय म्हणून आला. पायझोच्या पुढाकाराने अझोरा लॉ या फर्मने तो लिहिला आणि २०२३ साली तो पक्का झाला. त्याने विभागणी आपणहून केलीय: खेळाची यंत्रणा परवान्यात येते, कथा, पात्रं, जग, चित्रं राखीव राहतात. कुठलाही एक प्रकाशक त्याचा मालक नाही, म्हणून कुणी एक जण तो बदलूही शकत नाही. केऑसियम या प्रकाशकाने आपला बेसिक रोलप्लेइंग हा नियमसंच त्याखाली दिला, पाथफाइंडरची सुधारित पुस्तकंही त्याखाली आली. त्यात एक मोठी गोष्ट आहे: तुमच्या नियमांवर कुणी नवी यंत्रणा रचली तर तीही आपोआप इतरांसाठी मोकळी होते. ॲडव्हेंचर लिहिणाऱ्याला याने फरक पडत नाही. नवे वर्ग, नवी जादू, नवी युद्धपद्धती लिहून विकणाऱ्याला पडतो. तुमच्या गेमभोवती सगळ्यांच्या नियमांची देवाणघेवाण व्हावी अशी मनापासून इच्छा असेल तर ऑर्क घ्या. दोनच प्रकाशक आणि ॲडव्हेंचरची पुस्तकं एवढंच सध्या असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स पुरेसा आहे.

ओजीएल १.०ए आजही वापरता येतो, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो घ्यावा असं मला वाटत नाही. त्या एका शब्दाची शंका आहेच. शिवाय त्याचं पंधरावं कलम फार छळतं. त्यात तुम्ही ज्या-ज्या मोकळ्या पुस्तकांतून काही घेतलं त्या सगळ्यांच्या कॉपीराइट ओळी, त्यांच्या पुस्तकांतल्या पंधराव्या कलमांतल्या ओळींसकट, अचूक उतरवाव्या लागतात. मी एका छोट्या प्रकाशकाकडे असताना आमच्या एका राक्षसांच्या पुस्तकात अशी एक ओळ राहिली. चार राक्षस एका दुसऱ्या पुस्तकातून घेतले होते आणि त्या पुस्तकाचं नावच यादीत नव्हतं. चूक कळल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती केली नाही तर परवाना संपतो, असं तेरावं कलम सांगतं. आम्ही चिकटपट्टीवर ती ओळ छापून घेतली आणि तिघांनी मिळून गोदामात बसून सहाशे प्रतींच्या शेवटच्या पानावर हाताने लावली. प्रत्येक खोक्याची पट्टी कापायची, पुस्तक काढायचं, शेवटचं पान उघडायचं, पट्टी सरळ लावायची, पुन्हा बांधायचं. तीन दिवस लागले. त्यानंतर कुठल्याही परवान्यातलं श्रेयाचं कलम मी आधी वाचतो.

म्हणून तुमच्या एसआरडीच्या पहिल्याच पानावर श्रेयाचं वाक्य तयार करून द्या, जे लोक जसंच्या तसं उचलतील. गेमचं नाव, तुमचं नाव, परवान्याचं नाव, एसआरडीचा आवृत्ती क्रमांक. एवढंच, दोन ओळींत.

एसआरडी करणं हे या सगळ्यातलं खरं कष्टाचं काम आहे आणि लोक तिथेच घाई करतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना ज्या दस्तऐवजावर लावाल त्या अख्ख्या दस्तऐवजाला लागू होतो. त्यात चुकून राहिलेलं नावही त्याबरोबर जातं. एसआरडी ५.१ मध्ये स्ट्राड फॉन झारोविच या त्यांच्या पात्रासारखी काही नावं तशीच राहून गेली होती, ती पुढच्या ५.२ मधून काढावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हातून हे होतं, तर आपल्या हातून सहज होईल.

माझी पद्धत सांगतो. आधी मूळ फाइलची प्रत घेऊन सगळी चित्रं, कथा आणि उदाहरणं काढून टाकायची. उदाहरणांत जग सगळ्यात जास्त लपलेलं असतं. 'समजा राखगडच्या फाटकापाशी तुमचं पात्र...' असं एक वाक्य नियमाच्या मधोमध बसलेलं असतं. मग ज्याने तुमचं मूळ पुस्तक कधीच वाचलेलं नाही अशा माणसाच्या हातात छापील प्रत द्यायची आणि सांगायचं की जे जे नाव वाटेल त्याभोवती लाल पेनाने गोल कर. तुमच्या डोळ्यांना 'राखपावलं' हा साधा नियमाचा शब्द वाटायला लागलेला असतो. त्याच्या डोळ्यांना ते नाव दिसतं. मग प्रत्येक गोलावर निर्णय घ्यायचा: हे द्यायचं की साध्या शब्दाने बदलायचं? अवघड निर्णय तेवढेच असतात. बाकीचं टायपिंग आहे.

त्याहीआधी एक काम आहे. तुम्ही देताय ते खरंच तुमचं आहे का ते तपासा. एखादा अध्याय कुणा लेखकाने मानधनावर लिहिलाय आणि त्याच्याशी काहीच लेखी केलेलं नाही, असं असेल तर त्या मजकुराचा परवाना तुम्ही देऊ शकत नाही. चित्रकारांचं तसंच. आणि मूळ पुस्तकाच्या अनुवादाचे हक्क कुणाला 'फक्त तुम्हालाच' अशा अटीवर विकले असतील तर थांबा. एसआरडी मोकळा केला की त्याचा अनुवाद कुणीही करू शकेल, आणि तो अनुवादक प्रकाशक तुमच्या दारात उभा राहील. हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा लेखकाच्या मनात कपट नव्हतं, फक्त जुना करार कपाटात होता आणि कुणी काढून बघितला नव्हता.

आता नावाबद्दल. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ट्रेडमार्क येत नाही. म्हणजे मजकूर वापरता येईल, पण 'अमुक गेमसाठी सुसंगत' असं चिन्ह मुखपृष्ठावर लावायला तुमची वेगळी परवानगी घेता येईल अशी सोय तुम्ही करू शकता. ग्राहक पुस्तक हातात घेतो तो या चिन्हामुळे, म्हणून प्रकाशकाला ते हवंच असतं. आणि ट्रेडमार्कच्या बाबतीत तुम्हाला थोडं लक्ष ठेवावंच लागतं. कुणीही, कशावरही, कसंही नाव लावलं आणि मालकाने दर्जाकडे पाहिलंच नाही तर काही देशांत ट्रेडमार्कच कमकुवत होतो.

चिन्हाचा परवाना एका पानाचा असावा. माझ्या मसुद्यात साधारण अशी वाक्यं असतात: "हे चिन्ह सोबत दिलेल्या फाइलप्रमाणेच, रंग आणि प्रमाण न बदलता वापरावे. प्रकाशकाचे स्वतःचे नाव मुखपृष्ठावर या चिन्हापेक्षा ठळक असावे. हे पुस्तक स्वतंत्र असून मूळ प्रकाशकाने ते तपासलेले किंवा मान्य केलेले नाही, हे वाक्य आतील पानावर छापावे. या परवान्याच्या अटी पुढे बदलल्या तरी त्याआधी प्रकाशित झालेल्या पुस्तकांना प्रकाशनाच्या वेळच्याच अटी लागू राहतील." शेवटचं वाक्य मी कधीच गाळत नाही. २००८ साली डी-ट्वेंटीवाल्यांच्या हातात ते असतं तर गोदामं रिकामी करायची पाळी आली नसती.

द्वेष पसरवणाऱ्या आशयाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण विचारायला हवा. तुमचं नाव अशा पुस्तकावर दिसू नये ही इच्छा योग्यच आहे. ती अट चिन्हाच्या परवान्यात घाला, मजकुराच्या नाही. आणि ती लिहिताना 'आम्ही ठरवू तेच अंतिम, तुम्ही आव्हान देणार नाही' असं लिहू नका. ओजीएल १.२ च्या मसुद्यात नेमकं हेच होतं, आणि जे प्रकाशक स्वतः अशा आशयाच्या कडाडून विरोधात होते त्यांनाही त्याची भीती वाटली. हरकत काय आहे ते लेखी कळवा, उत्तराला मुदत द्या, पटलं नाही तर पुढच्या छपाईपासून चिन्ह काढायला सांगा.

उरलं तुमचं जग. ते मोकळं करू नका, निदान आत्ता तरी. मला वाटतं, रॉयल्टी विचारणाऱ्या प्रकाशकाला खरं तर हेच हवंय. नुसत्या नियमांसाठी रॉयल्टी देऊ करणारे विरळा असतात. त्याला विचारून बघा: तुमच्या ॲडव्हेंचरमध्ये आमच्या जगातली ठिकाणं आणि पात्रं येणार आहेत का? 'हो' म्हणाला तर त्याच्याशी स्वतंत्र करार करा आणि तिथे रॉयल्टी जरूर घ्या. विझर्ड्सनेही डन्जन मास्टर्स गिल्ड या ऑनलाइन विक्रीस्थळावर हेच केलं: तिथे फरगॉटन रेल्म्स हे त्यांचं जग वापरता येतं, त्या बदल्यात लेखकाच्या हाती विक्रीचे ५० टक्के येतात आणि बाकीचे विक्रीस्थळ व कंपनी घेतात. हे अर्धं देणं नियमांसाठी असतं तर कुणी दिलं नसतं. ते जगासाठी आणि तयार गिऱ्हाइकासाठी आहे.

या करारात टक्केवारी प्रकाशकाच्या हाती प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर ठेवा, छापील किमतीवर नको, आणि 'हाती आलेली रक्कम' म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा: परतावे वजा, कर वजा, पण प्रकाशकाचा स्वतःचा कार्यालयीन खर्च वजा नाही. क्राउडफंडिंगमधून आलेले पैसे त्यात धरायचे की नाहीत हेही लिहा. वाहतुकीसाठी वेगळे घेतलेले पैसे धरू नका, ते त्याच्या खिशात राहतच नाहीत. मुदत तीन ते पाच वर्षं. मुदत संपल्यावर छापलेला माल विकायला सहा महिने तरी. ठरलेल्या काळात पुस्तक निघालं नाही तर हक्क परत.

आणि मंजुरीची मुदत. या कलमासाठी मी नेहमी हटून बसतो. एका जगाचा परवाना घेऊन आम्ही पुस्तक लिहिलं होतं. करारात 'वाजवी वेळेत मंजुरी' असं लिहिलेलं होतं. हस्तलिखित पाठवलं आणि पाच महिने उत्तर नाही. आगाऊ पैसे भरलेली माणसं रोज विचारायची, चित्रकाराचे पैसे थकले, छपाईची ठरलेली तारीख गेली. समोरची माणसं वाईट नव्हती, त्यांच्याकडे वाचायला कुणी नव्हतं एवढंच. आता माझ्या प्रत्येक करारात असतं: "हस्तलिखित मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते मंजूर समजावे." परवाना देणारे आधी कुरकुरतात. मग मी त्यांना विचारतो, एकवीस दिवसांत तुम्ही वाचू शकणार नसाल तर मंजुरीचा हक्क तुम्हाला कशासाठी हवाय? एकदा तो हक्क घेतला की समोरच्याची चूल तुमच्या वाचण्यावर अवलंबून असते.

पुढच्या आवृत्तीची धास्ती बाळगू नका. एसआरडीवर क्रमांक घाला. दुसरी आवृत्ती आली की तिचा वेगळा एसआरडी काढा, किंवा काढूही नका, तो तुमचा हक्क आहे. पण पहिला जिथे आहे तिथेच राहील, त्याची फाइलही काढून टाकू नका. पहिल्या आवृत्तीवर पुस्तक काढलेल्याला दहा वर्षांनीही त्याच क्रमांकाकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

तेव्हा दोघांना पाठवायची पत्रं अशी. ओपन लायसन्स विचारणाऱ्याला कळवा की एसआरडी अमुक महिन्यात येईल, क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० खाली, सोबत चिन्हाचा एक पानी परवाना. तोवर त्याने काम सुरू केलं तर हरकत नाही, असंही लेखी द्या, म्हणजे त्याचे महिने वाया जाणार नाहीत. रॉयल्टी विचारणाऱ्याला जगाबद्दलचा तो एक प्रश्न विचारा. तो 'नाही' म्हणाला तर पहिल्याचंच पत्र त्यालाही पाठवा आणि पैसे घेऊ नका. कामाचा क्रम मात्र पाळा: आधी लेखक-चित्रकारांचे कागद, मग जुने अनुवादाचे करार, मग लाल पेन, आणि परवान्याची ओळ सगळ्यात शेवटी. ती ओळ लिहून फाइल बाहेर गेली की परत बोलावता येत नाही.